काळी चार, वजा चार: एका सिंथच्या ग्लोबल पानाच्या नोंदी

रविवार, ८ जून २०२५

सिंथ (सिंथेसायझर) घरी पोचला. कॉर्ग ट्रायटन, ६१ पट्ट्यांचा, १९९९ साली बाजारात आलेलं मॉडेल. आमचा पखवाजवाला तेव्हा बालवाडीत होता. कल्याणहून आणताना गोधडीत गुंडाळला, वर ताडपत्री बांधली आणि लोकलच्या मालडब्यात मासळीच्या टोपल्यांपासून जमेल तेवढा लांब उभा करून करी रोडला उतरवला. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झालाय, त्यामुळे कोरडा दिवस बघून आणू वगैरे चैन नव्हती.

काम काय ते आधी लिहितो. ६ जुलैला आषाढी. आमचा अभंगांचा कार्यक्रम आहे, एकूण चौदा रचना. गायला ताई आणि दादा, पेटीवर काका, एक पखवाज. टाळ धरणारे दोघे यंदा नाहीत, एकाची शिफ्ट आणि एकाचा गुडघा. म्हणून टाळ-चिपळ्या लॅपटॉपमधल्या सॅम्पलरमधून (रेकॉर्ड केलेले आवाज पट्टीवर वाजवणारा प्रोग्राम), आणि त्या वाजवायच्या माझ्या डाव्या हाताने, सिंथच्या खालच्या सप्तकात. उजव्या हाताने स्ट्रिंग्ज. अर्ध्या सिंथच्या, अर्ध्या लॅपटॉपच्या.

मागच्या वर्षी सगळी सेटिंग डोक्यात ठेवली होती, आणि डोकं नेमकं कार्यक्रमाच्या दिवशी घरी राहिलं. म्हणून यंदा वही.

आज फक्त ग्लोबल पान वाचलं. आवाज बदलला तरी जे बदलत नाही ते सगळं इथे राहतं: मास्टर ट्यून (सगळ्या वाद्याचा सूर बारीक वर-खाली करणं), ट्रान्स्पोज (दाबलेल्या पट्टीऐवजी ठरावीक पट्ट्या वरचा किंवा खालचा सूर वाजवणं), पट्टीचा दाब, मिडीचे (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा) चॅनेल, पेडल. घराचा मीटरबॉक्सच म्हणा. आधीचे मालक वरातीत वाजवायचे, त्यांच्या खुणा जागोजाग आहेत. क्लॉक, म्हणजे लयीचं घड्याळ, बाहेरच्या मिडीवर ठेवलेलं, म्हणून आर्पेजिएटर (धरलेले सूर एकापाठोपाठ वाजवणारा भाग) हलेना. ते इंटर्नलवर आणलं. आणि ट्रान्स्पोज होता +२. मी पांढरी एक ('सी', सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) दाबत होतो, वाजत होती पांढरी दोन, आणि तासभर मी माझ्या कानालाच बोल लावत बसलो. शून्य केला.

मंगळवार, १० जून

आज चालू केला तर पुन्हा +२. क्लॉकही पुन्हा बाहेरचं.

ग्लोबलमध्ये काहीही बदललं की ते फक्त त्या बैठकीपुरतं. मेनूत जाऊन 'राइट ग्लोबल सेटिंग' करायचं, नाहीतर बटण बंद केलं की गेलं. बँकेत रोज वीस वेळा 'सेव्ह केलं का' असं लोकांना विचारणारा माणूस मी! आता लिहून ठेवलं आणि बंद-चालू करून दोनदा खात्री केली.

पेडल उलटं चालत होतं. पाय वर असताना सूर धरून ठेवायचं, दाबलं की तोडायचं. पेडल दोन जातींचे असतात: एकात दाबल्यावर संपर्क जुळतो, दुसऱ्यात दाबल्यावर तुटतो. ग्लोबलमध्ये डॅम्परची पोलॅरिटी फिरवली, झालं. हेही राइट केलं.

शनिवार, १४ जून

काकांच्या घरी, गिरगाव. पेटीशी जुळवणी.

काका पेटीवर काळी चार धरून बसले. मी सिंथवर तीच दाबली. दोन्ही मिळून जो आवाज आला तो सुरात होता असं कुणी म्हणणार नाही आणि बेसूर होता असंही नाही. नुसता हेलकावत होता, वाँव-वाँव-वाँव, सेकंदाला तीनेक वेळा. काका म्हणाले, "अरे, तुझा बाजा खाली आहे." मी म्हटलं, "काका, हा ४४०ला आहे, तुमची पेटी वर आहे." त्यांनी भाता थांबवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

मोबाइलवरच्या ट्यूनरने मोजलं. मधल्या सप्तकातला 'ए' ४४० धरला तर काळी चार ४१५.३ हर्ट्झला हवी. पेटीची ४१८. फरक २.७, तेच ते सेकंदाला तीनेक हेलकावे. सेंटमध्ये (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) मोजलं तर ११, म्हणजे अर्ध्या सुराचा नववा भाग. एवढासा फरक एकट्याने वाजवताना कुणाला कळणार नाही, पण दोन वाद्यं एकच सूर लांबवून धरतात तेव्हा लपत नाही. आणि अभंगात तर सगळे सूर लांबच.

गंमत पुढे आहे. पांढरी चार मोजली: +८. काळी एक: +१४. पांढरी सहा: +१०. पेटी स्वतःशीच एकमताची नाही. मग कशाला जुळवायचं? काकांचं उत्तर सोपं होतं: "ताईच्या षड्जाला जुळव. बाकीच्यांचं मी बघतो." ताई काळी चारमध्ये गातात, चौदापैकी नऊ रचना त्यांच्या. मास्टर ट्यून +११. पडद्यावर शेजारीच आकडा येतो: ४४२.८०. पुन्हा दोघांनी काळी चार धरली. हेलकावा इतका मंदावला की मोजायला गेलो तर आधी भात्यातली हवा संपली. काकांनी काही म्हटलं नाही, फक्त मुलीला हाक मारून चहा सांगितला.

घरी येऊन लक्षात आलं ते महत्त्वाचं. मी +११ केलं ते ट्रायटनच्या स्वतःच्या आवाजापुरतं. लॅपटॉपला त्याचा पत्ताच नाही. मिडीच्या केबलमधून सूर जात नाही. जातो फक्त पट्टीचा नंबर आणि ती किती जोरात दाबली तो आकडा, दोन्ही ० ते १२७ मधले. ६० म्हणजे मधला 'सी'. तो किती हर्ट्झला वाजवायचा हे ऐकणाऱ्या यंत्राने ठरवायचं. लॅपटॉपच्या सॅम्पलरमध्ये वेगळं ४४२.८ घातलं.

रविवार, १५ जून

युझर स्केलचा मोह झाला. ट्रायटनमध्ये सप्तकातला प्रत्येक सूर सेंटने वर-खाली करता येतो. शुद्ध गंधार १४ सेंट उतरवला, आणि हेडफोनवर एकटाच षड्ज-गंधार धरून बसलो. काय लागतो! अगदी तंबोऱ्यातून उठल्यासारखा. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दूर ठेवलं ते कशासाठी, हे कानाला कळतं.

मग रेकॉर्ड केलेली काकांची पेटी सोबत लावली. गंधार गंधाराशी भांडला. पेटी समान अंतराच्या सुरांची, तिच्यापुढे माझा शहाणा गंधार बेसूरच ठरणार. चौघांत एकट्यानेच बरोबर असण्यात काही अर्थ नाही. काढून टाकला.

बुधवार, १८ जून

लॅपटॉप जोडला. प्रत्येक सूर दोनदा, मध्ये बारीकसा झिणझिण्या आल्यासारखा आवाज. कारण ठरलेलं: मी पट्टी दाबतो, सिंथ वाजतो, तीच नोट लॅपटॉपकडे जाते, तो ती परत सिंथकडे पाठवतो, सिंथ पुन्हा वाजतो. ६२ आवाज एका वेळी वाजवू शकणारं यंत्र ३१वर आलं. लोकल कंट्रोल बंद केला, म्हणजे पट्ट्यांचा आणि आतल्या आवाजाचा थेट धागा तोडला. आता जे वाजेल ते लॅपटॉपच्या मार्फत. स्वच्छ आवाज. राइट केलं.

(ही शेवटची ओळ चूक होती. २१ तारीख बघा.)

शनिवार, २१ जून

तालीम, परळच्या शाळेच्या खोलीत. सगळे साडेपाचला हजर, हे स्वतःच एक आश्चर्य. लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून म्हटलं, तोवर सिंथवर सूर देतो. पट्टी दाबली. शांतता. आवाजाचा गोल वर केला. शांतता. केबल बदलली, मिक्सरचं चॅनेल बदललं, पखवाजवाल्याने मागच्या प्लगला एक थाप दिली. ताई म्हणाल्या, "नवीन घेतलास ना रे हा?"

लोकल बंद होता. घरी, लॅपटॉप चालू असताना, ते बरोबर होतं. इथे लॅपटॉप बंद, म्हणजे पट्ट्या नुसत्या लाकडासारख्या. सापडायला सात मिनिटं लागली. सात मिनिटं पाच माणसांसमोर फार असतात.

लोकल चालू केला आणि इलाज उलट्या बाजूने केला: लॅपटॉपमध्ये परत पाठवणंच बंद. मिडी फक्त सिंथकडून लॅपटॉपकडे जाईल, उलट नाही. म्हणजे लॅपटॉप मेला तरी सिंथ बोलेल. वाद्याने आधी वाद्य म्हणून उभं राहावं, मग बाकीचं. राइट केलं.

मग खरा गोंधळ. पहिली रचना ताईंची, काळी चार. मी आयुष्यभर पांढरी एकवरून वाजवत आलोय, तीच बोटं बसलीत. काका कुठल्याही पट्टीतून तितकेच सहज वाजवतात. ट्रान्स्पोज हा माझ्या आळसाचा विभाग आहे, हे कबूल. तर ट्रान्स्पोज −४. पांढरी एक दाबली की काळी चार, खालची. छान. स्ट्रिंग्ज लागल्या, ताईंनी आलाप घेतला, पखवाजाची उठान आली आणि मी डाव्या हाताने चिपळ्या वाजवल्या.

टाळ वाजला. उघडा, झणझणीत, आलापाच्या मधोमध.

मी टाळाची पट्टी दाबली. काहीच नाही.

दादा हसू दाबत होते. ताई हसत नव्हत्या.

रात्री मिडी मॉनिटरवर आकडे बघितले. सॅम्पलरमध्ये टाळ ३६वर, चिपळ्या ४०वर. सिंथची डावीकडची अगदी पहिली पट्टी म्हणजे ३६. ट्रान्स्पोज −४ असताना ती ३२ म्हणून बाहेर पडत होती, आणि ३२वर काहीच भरलेलं नाही. चिपळ्यांची ४०वी पट्टी ३६ होऊन टाळ वाजवत होती. सुरांसाठी चार पायऱ्या उतरणं म्हणजे पट्टी बदलणं. टाळ-चिपळ्यांसाठी ते शेजारच्या घराची बेल वाजवणं आहे.

त्यात भर म्हणून: सॅम्पलर ३६ला 'सी-१' म्हणतो आणि कॉर्ग 'सी-२'. दोघांचे बरोबर, सप्तकाचा नंबर कुठून मोजायचा याची प्रथा प्रत्येक कंपनीची वेगळी. यापुढे वहीत नाव नाही, फक्त नंबर.

रविवार, २२ जून

दिवसभर पाऊस, दिवसभर एकच ओळ: 'कन्व्हर्ट पोझिशन'. ग्लोबलच्या मिडी पानावर कोपऱ्यात असते. कधी लक्ष दिलं नव्हतं. दोनच पर्याय: प्री-मिडी, पोस्ट-मिडी.

सोपं करून लिहितो, पुन्हा विसरेन म्हणून. पट्टी आणि आवाज बनवणारा भाग यांच्यामध्ये एक रस्ता आहे. त्या रस्त्यावर एक फाटा मिडी आउटकडे, बाहेर जातो. ट्रान्स्पोज आणि दाबाचा वक्र (पट्टी किती जोरात दाबली तर किती मोठा आवाज, याचा हिशोब) या दोघांना त्या फाट्याच्या अलीकडे बसवायचं की पलीकडे, एवढाच प्रश्न. प्री-मिडी म्हणजे अलीकडे: पट्टीतून निघताच नंबर बदलतो, आणि बदललेलाच आतही जातो, बाहेरही. पोस्ट-मिडी म्हणजे पलीकडे: बाहेर जातो तो कोरा नंबर, बदल फक्त ट्रायटनच्या स्वतःच्या आवाजाच्या दारात. आधीच्या मालकांनी प्री ठेवलं होतं. त्यांना एकच वाद्य, त्यांचं चुकलं नाही.

पोस्ट केलं. टाळ ३६, चिपळ्या ४०, ट्रान्स्पोज काहीही असो. ब्रह्मानंद. दोन मिनिटं टिकला, कारण लॅपटॉपच्या स्ट्रिंग्जनाही आता कोरा नंबर जातोय, म्हणजे सिंथच्या स्ट्रिंग्ज काळी चारमध्ये आणि लॅपटॉपच्या पांढरी एकमध्ये. दोन्ही एकदम वाजवून बघितलं. ही आतून म्हणाली, "शेजारचे येतील."

म्हणजे टाळांना ट्रान्स्पोज नको, स्ट्रिंग्जना हवा, आणि दोघेही त्याच केबलमधून जाणारे. सिंथच्या बाजूने हे सुटणार नाही. सुटेल ते लॅपटॉपच्या बाजूने, कारण तिथे दोघे वेगवेगळ्या चॅनेलवर आहेत: स्ट्रिंग्ज २वर, टाळ-चिपळ्या १०वर. मिडीत एका केबलमध्ये सोळा चॅनेल असतात, १९८३पासून, म्हणजे कपिलच्या संघाने विश्वचषक आणला त्या सालापासून. त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ, प्रॉफेट-६०० आणि जुपिटर-६, पहिल्यांदा असे जोडून दाखवले होते. तेव्हाही कुणीतरी ट्रान्स्पोज चुकवला असेल अशी मला खात्री वाटते.

तर लॅपटॉपमध्ये फक्त चॅनेल २वर स्वतंत्र ट्रान्स्पोज बसवला. ताईंसाठी −४, दादांसाठी +१, कारण ते काळी एकमध्ये गातात. दोन जागी एकच आकडा घालायचा: सिंथवर एकदा, लॅपटॉपवर एकदा.

प्रत्येक रचनेच्या कॉम्बीत (सिंथवर साठवलेल्या आवाजांच्या जुळणीत) आकडे पक्के बसवण्याचाही विचार केला. नको. ताई कार्यक्रमाच्या दिवशी "आज अर्धा सूर खाली घे" म्हणणार नाहीत याची हमी कोण देतो? मग चौदा ठिकाणी दुरुस्ती. आकडा एकाच नजरेत दिसला पाहिजे.

ग्लोबलमध्ये कायमचा लिहिलेला ट्रान्स्पोज मात्र शून्यच. राइट केलं.

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, मग क्रमच असा लावू की पूर्वार्ध दादाचा, उत्तरार्ध ताईचा, शेवटचा गजर ताईच्या पट्टीत. तुला आकडा एकदाच बदलावा लागेल, मध्यंतरात. दिवसभर मी जे यंत्रात शोधत होतो त्यातलं अर्धं त्यांनी कागदावर अर्ध्या मिनिटात मोकळं केलं.

गुरुवार, २६ जून

दाब. मी पेटीवरून आलेला. पेटीला पट्टी जोरात दाबली काय आणि हळू दाबली काय, सारखंच; जोर भात्यात. त्यामुळे माझी बोटं सगळं एकाच वजनाने दाबतात. मॉनिटरवर दहा मिनिटं वाजवलं: सगळे आकडे ८८ ते ९६ मध्ये. हळुवार जागी ९०, गजरात ९४. वाजवणाऱ्याचा स्वभाव असा आकड्यात बघायला जरा संकोच वाटतो.

ट्रायटनमध्ये दाबाचे आठ वक्र आहेत, ४ मूळचा. एकेक करून बघितले, ६वर थांबलो. पण लॅपटॉपच्या स्ट्रिंग्ज तशाच रुसलेल्या. का? कन्व्हर्ट पोझिशन पोस्ट, म्हणजे वक्रही फाट्याच्या पलीकडे. बाहेर कोराच दाब जातो. रविवारी स्वतःच लिहिलंय वर, आणि तरी वीस मिनिटं घालवली. सॅम्पलरमध्ये वेगळा वक्र काढला.

आफ्टरटच मिडी फिल्टरमधून बंद. पट्टी दाबून धरली की दाबाचे आकडे ओतत राहतात, आणि माझ्या एकाही आवाजाला त्यांचा उपयोग नाही. मिडीची केबल सेकंदाला ३१,२५० बिट नेते. एका नोटचा निरोप तीन बाइटचा, जायला जवळपास एक मिलिसेकंद. चार सुरांसाठी चार. माझ्या कानाला चालतं, पण त्या गल्लीत फुकटची गर्दी कशाला?

शनिवार, २८ जून

तालीम. टाळ टाळासारखा वाजला. ताईंनी मान डोलावली, म्हणजे प्रकरण मिटलं.

नवीन घोळ: प्रोग्राम चेंज. सिंथवर रचनेची कॉम्बी निवडली की लॅपटॉपवरही त्या रचनेचा प्रीसेट आपोआप यावा अशी योजना. आला, पण पुढच्या रचनेचा. पहिल्या अभंगाला दुसऱ्याच्या स्ट्रिंग्ज, दुसऱ्याला तिसऱ्याच्या, आणि चौदाव्याला रिकामं. ट्रायटन ०००पासून मोजतो, लॅपटॉपची यादी १पासून. मी दोन्हीकडे 'एक'वर पहिला अभंग ठेवला होता. ००१ केबलमधून एक म्हणून गेला आणि तिकडे 'दोन' उघडला. चाळीतल्या तळमजल्याला पहिला मजला म्हणायचं की नाही, तोच वाद. सगळ्या कॉम्बी एक घर मागे, ००० ते ०१३. जुळलं.

बुधवार, २ जुलै

केबल नवीन आणल्या, लॅमिंग्टन रोडवरून. जुन्या मिडी केबलच्या पाच पिनांपैकी एक हिरवी पडली होती. सिंथच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. बाकी काही नाही, पाऊस.

शनिवार, ५ जुलै

रंगीत तालीम. एकच गडबड: पूर्वार्ध संपताना पेडलवर सूर धरलेला असताना मी लॅपटॉपचा ट्रान्स्पोज बदलला, आणि स्ट्रिंग्जचा एक सूर लटकून राहिला. 'दाबली' हा निरोप एका नंबरने गेला, 'सोडली' दुसऱ्या नंबरने. पहिल्या नंबरला कुणी सोड म्हणालंच नाही. पॅनिक बटणाने गप्प केला. ते सगळ्या चॅनेलना 'सगळे सूर बंद' असा निरोप पाठवतं. नियम: हात आणि पाय वर, मगच आकडा.

ताईंचा घसा बसल्यासारखा. काही बोलल्या नाहीत, गरम पाणी मागत होत्या.

सिंथच्या पडद्याखाली चिकटपट्टीवर मार्करने लिहिलं: 'ट्रान्स्पोज बघ. दोन्ही.'

सोमवार, ७ जुलै

काल झाला कार्यक्रम. झोपून उठल्यावर लिहितोय.

वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे आषाढीची गर्दी, म्हणून दुपारीच टॅक्सी करून निघालो आणि तासभर आधी पोचलो. पेटीची काळी चार पुन्हा मोजली, +११ला दीड सेंट कमी. सोडून दिलं.

पूर्वार्ध +१, दादा काळी एकमध्ये. तक्रार नाही. मध्यंतराच्या आधी ताई विंगेत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आज काळी चार नको रे. पांढरी पाच घेऊ?" अर्धा सूर खाली. काकांनी नुसती मान हलवली, त्यांना काय. मी मध्यंतर होताच हात-पाय वर करून सिंथवर −५, लॅपटॉपवर −५ केलं, षड्ज तपासला, आणि चहाला गेलो.

परत आलो तर सिंथचा पडदा वेगळाच दिसत होता. पहिल्या अभंगाची कॉम्बी. आमच्यातल्याच एकाने उत्तरार्धाचा झब्बा इस्त्री करायला आमच्याच एक्स्टेंशन बोर्डात इस्त्री लावली होती. बोर्ड बसला, कुणीतरी पुन्हा चालू केला, आणि झालं ते मला सांगायचं राहिलं. लॅपटॉप बॅटरीवर, त्याला कळलंच नाही. तो −५वर शांत. सिंथ मात्र उठला तो राइट केलेल्या ग्लोबलसह: मास्टर ट्यून +११, पोस्ट-मिडी, लोकल चालू, पेडल सुलट. आणि ट्रान्स्पोज शून्य.

पडदा उघडायची घंटा झाली होती. सहाव्या अभंगाची कॉम्बी लावली, आणि मग ती चिकटपट्टी दिसली. ग्लोबलमध्ये जाऊन −५. ताईंच्या आलापाच्या आधी मला एक सूर द्यायचा असतो. पांढरी एक दाबली, पांढरी पाच आली, दोन्हीकडून. काकांनी भाता उघडला.

गजराला टाळ ३६वरच होता. प्रेक्षकांतल्या एका आजोबांनी नंतर येऊन विचारलं, टाळकरी कुठे बसवले होते?

यादीत टाकायचं: सिंथसाठी लहानसा यूपीएस, आणि इस्त्रीला वेगळा बोर्ड. काकांची पेटी पुढच्या आठवड्यात ट्यूनिंगला जातेय. परत आली की पुन्हा गिरगावला जाऊन मोजायचं; वहीत +११च्या पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय.